खूण कोणासाठी?

मोटारसायकलस्वारांची एक मूक भाषा असते. उजव्या हाताकडे एक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, म्हणून तो सहसा सोडता येत नाही. डावा हात क्लचचा, तो क्षणभर मोकळा होतो. इस्रायल, अमेरिका यांसारख्या देशांत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे समोरून येणाऱ्याला हा डावा हात सहज दिसतो. दोन बोटे खाली दाखवली की झाला नमस्कार. इंग्लंडात वाहने डावीकडून जातात, तेथे नुसती मान हलवतात.

कामाच्या खुणाही आहेत. रस्त्यात डावीकडे खड्डा, खडी किंवा सांडलेले तेल दिसले तर पुढचा स्वार डाव्या हाताचे बोट जमिनीकडे रोखतो. उजवीकडे असेल तर उजवा पाय बाहेर काढतो. मागचा सावध होतो. दोन चाकांची गाडी घसरायला तेलाचा एक डागही पुरतो, म्हणून ही खूण जीव राखणारी आहे.

परंतु आणखी एक खूण आहे. समोरच्याला पाहून हेल्मेटवर थापटायचे. अर्थ असा, की पुढे पोलीस उभे आहेत. ही मदत म्हणावी का? कोणी म्हणेल, त्याने वेग कमी केला, म्हणजे हेतू साधलाच. खरे, पण किती वेळ? पोलीस मागे पडले की वेग पुन्हा चढतो. आणि तो प्यायलेला असला तर? आपण त्याला वाचवले, की मोकाट सोडले?

आम्हा नर्सेसमध्येही खुणा असत. रोग्याचा श्वास बिघडला की हाताच्या एका इशाऱ्यावर दुसरी धावत येई. मेट्रन राउंडला निघाली की डोळ्यांनी खबर जाई. आपलेपणा दोन्हींत होता, पण पहिली खूण रोग्यासाठी होती आणि दुसरी आपल्यापुरती.

रस्त्यावरही तसेच आहे. रस्ता ओलांडणारी म्हातारी किंवा शाळेतून येणारे मूल या स्वारांच्या मेळ्यात नसते. त्यांना सावध करणारी खूण कोणी करीत नाही.

आपण देश सोडून आलेली माणसे. आपल्या माणसाला सांभाळून घेणे ही आपली जुनी सवय, आणि ती चांगलीच आहे. तिच्या बळावर आपण परक्या मुलखात पाय रोवले. परंतु आपल्या माणसावर पांघरूण घालण्याआधी एवढे पाहावे, की त्याचा भुर्दंड बाहेरच्या कोणाला तर पडत नाही ना? पडत असेल, तर हात हँडलवरच राहू द्यावा.