नवी आवृत्ती आणि जुना सूर

संगीतमुद्रणाची संगणकप्रणाली वापरणाऱ्यापुढे अधूनमधून एक प्रश्न उभा राहतो : नवी आवृत्ती घ्यावी, की जुनीवरच भागवावे? वरकरणी हा पैशांचा हिशेब वाटतो. आम्हांला तो उत्तरदायित्वाचाही प्रश्न वाटतो; कारण त्या प्रणालीत इतरांचे आवाज आपल्यापाशी ठेव म्हणून असतात.

नव्याचा मोह टाळावा, हा उपदेश सोपा आहे. पण जुन्याला चिकटून राहणेही निर्धोक नाही. ‘ॲपल’ने २०१९ मध्ये ‘कॅटालिना’ ही कार्यप्रणाली आणली, तेव्हा तिच्यावर ३२-बिटांच्या जुन्या प्रणाली चालेनाशा झाल्या. त्याआधी २००२ मध्ये याच कंपनीने ‘लॉजिक’ची निर्माती ‘इमॅजिक’ विकत घेतली आणि ‘विंडोज’साठीच्या आवृत्त्या थांबवल्या, तेथे नवे घेऊ इच्छिणाऱ्यालाही वाट उरली नाही.

मोडी दप्तरांचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. कागद शाबूत असतो, शाई ठळक असते. वाचणारा मात्र विरळा. ध्वनिमुद्रणाचेही तसेच होऊ शकते, आणि गायक हयात नसेल तर ते पुन्हा गाऊन घेता येत नाही.

म्हणून निर्णयाआधी आम्ही एक कर्तव्य मानतो : प्रत्येक गळ्याचा व वाद्याचा स्वतंत्र ट्रॅक ‘वेव्ह’सारख्या सर्वत्र वाजणाऱ्या स्वरूपात काढून दोन ठिकाणी जपावा. मग हातातले काम मागत असेल तर नवे घ्यावे, नसेल तर खुशाल थांबावे. साधन आपले असते. त्यातला सूर पुष्कळदा दुसऱ्याचा असतो.