सावड आणि मजुरी

माणसाने परक्याच्या कामात जीव का ओतावा? हल्लीच्या कारखानदारांना हा प्रश्न फार छळतो. कामगाराने ‘हे काम माझे’ असे मानावे म्हणून सभा भरतात, व्याख्याने होतात. मी मास्तर माणूस. मला या प्रश्नाचे उत्तर शोधायला भाताचे खाचर जवळचे वाटते.

भोरहून वरंधा घाटाकडे जाताना हिर्डोशी लागते. हा मुलूख धो धो पावसाचा आणि भाताचा. चिखलणी झाली की लावणी खोळंबून चालत नाही. रोप जून झाले तर फुटवा कमी धरते. एका घराच्या हातांनी हे उरकणारे नसते. म्हणून अशा मुलखात सावड आली. आज तुमच्या खाचरात दहाजण, उद्या त्यांच्या खाचरात तुम्ही. तिथे मुकादम नसतो, हजेरीपट नसतो. आधी कोणाचे खाचर, हे पाणी आणि रोपे पाहून सारे मिळून ठरवतात. तोच माणूस दुसऱ्या दिवशी रोजावर गेला, की दिवस कधी कलतो याची वाट पाहतो. हात तेच, चिखल तोच. मग बदलले काय?

कोणी म्हणेल, आपलेपणा. मला वाटते, आपलेपणा मागाहून येतो. आधी येतात दोन गोष्टी: ठरवण्यातला वाटा आणि परतफेडीची खात्री.

पहिलीचा पुरावा अहमदाबादेत मिळतो. १९५३ साली तिथल्या कॅलिको गिरणीत ए. के. राइस या इंग्रज संशोधकाने नव्या स्वयंचलित मागांचे काम पाहिले. माग उत्तम, पण कामाचे तुकडे करून ते एकेकाला वाटलेले. त्यामुळे कापड अपेक्षेइतके निघत नव्हते. काही माग मिळून एका टोळीकडे सोपवावेत, असे त्याने सुचवले. कामगारांनी टोळ्या आपल्या आपणच जुळवल्या. उत्पादन वाढले, खराब माल घटला.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आपल्या घटनेत कलम ४३-अ आले: उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा. पण ते मार्गदर्शक तत्त्व. न्यायालयात जाऊन मागता येत नाही. म्हणजे सावडीला बोलावणे आहे, परतफेडीची हमी नाही.

सावड म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. ज्याला जमीनच नाही, त्याची परतफेड कोणत्या खाचरात करायची? त्याने रोजच मागितला पाहिजे, आणि त्यात काही कमीपणा नाही. रोज घेऊन चोख काम करणारा प्रामाणिकच असतो. त्याच्याकडून रोजाच्या भावात सावडीचा जीव मागणे मात्र अप्रामाणिक आहे.

तेव्हा ‘आपण सारे एक कुटुंब’ असे सांगणाऱ्या धन्याने आधी स्वतःला विचारावे: यांच्या खाचरात मी कधी उतरणार?