पत कुणाची?

माझे मामा गेली वीस-बावीस वर्षं एका पक्षाचं काम करतात. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रात जे दोन पक्ष फुटले त्यांतला एक, एवढं पुरे. नाव लिहिलं की वाचणारा आधी बाजू ठरवतो आणि मग पुढचं वाचतो. शिवाय फुटून जे चार झाले, त्यांतल्या कुठल्याही कार्यकर्त्याची गोष्ट फार वेगळी असेल असं मला वाटत नाही.

मामांचं गाव लासलगावच्या बाजारापासून पंचवीस किलोमीटरवर. जमीन पाच एकर, त्यातल्या तीन एकरांत कांदा. पद म्हणाल तर तालुका कार्यकारिणीत सदस्य. कार्यकारिणीत किती सदस्य आहेत हे त्यांनाही नीट सांगता येत नाही.

२०२३च्या राखीपौर्णिमेला आईला घेऊन मी तिकडे गेलो होतो. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं होतं. मग व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, आंदोलनं झाली आणि सरकारने जाहीर केलं की नाफेड आणि एनसीसीएफ क्विंटलला २,४१० रुपयांनी आणखी दोन लाख टन कांदा घेतील. मामांचा पक्ष तोवर सत्तेत जाऊन बसला होता. तालुक्याहून निरोप आला, की गावोगावी जाऊन सांगा, काळजीचं कारण नाही.

संध्याकाळी पारावर मामांनी ते सांगितलं. चांगलं सांगितलं, आकड्यांसकट. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तू किती घातला नाफेडला?" मामा म्हणाले, "अजून नाही." मग कुणी काही बोललं नाही. मामांची स्वतःची चाळ उन्हाळ कांद्याने अर्धी भरलेली होती आणि खालून सडायला लागली होती. हे पारावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

रात्री ओट्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला पटतं का हे?"

"पटायचा प्रश्न कुठं येतो? निरोप होता, दिला."

मला राग आला. पुण्याला परतताना गाडीत तो राग जरा ओशाळला, कारण त्याच महिन्यात मीही एक निरोप दिला होता. आमच्या प्रॉडक्टमधली एक चूक दोन महिने तरी दुरुस्त होणार नाही हे मला ठाऊक होतं. मॅनेजरने सांगितलं म्हणून क्लायंटला 'पुढच्या रिलीजमध्ये' असं कळवलं. पटतं का, हे मलाही कुणी विचारलं नव्हतं. फरक इतकाच, की क्लायंट माझ्या शेजारी राहत नाही, आणि सहा वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या आहेत. माझ्या शब्दाचं ओझं मागे टाकून मला पुढे जाता येतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. निरोप देणारा माणूस खोटं बोलतो का, हा तो प्रश्न नाही. त्याचं उत्तर सोपं आहे: थोडं बोलतो. पण २,४१०चा आकडा तर व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी वाचला होता. मग तो पारावर जाऊन सांगायला मामा कशाला लागतात? कारण लोक मामांचं ऐकतात. पक्षाला मामांचं तोंड नको होतं, पत हवी होती.

ही पत आली कुठून? रात्री दोनला नाशिकच्या सिव्हिलमध्ये कुणासाठी तरी खाट मिळवण्यातून. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून देण्यातून, रेशनकार्डावरून उडालेलं नाव परत चढवण्यातून, डीपी जळाला की वायरमनच्या मागे दोन दिवस हिंडण्यातून. आता यात पक्षाचा वाटा नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. पक्ष नसता तर तहसील कचेरीत मामांना कुणी बसायला खुर्ची दिली नसती. पण खुर्ची पक्षाची असली तरी रात्रीचे दोन मामांचे होते, आणि विश्वास टाकला तो गावाने. मला ती पत ठेवीसारखी वाटते. गावाने मामांकडे ठेवलेली. ज्याने ठेवली त्याच्याच विरोधात ती वापरायला मागितली गेली, तर द्यावी का?

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' नावाचं १९७०चं एक पुस्तक आहे. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणं किंवा आत राहून बोलणं. निष्ठा माणसाला थोडा वेळ थांबवून धरते आणि त्या वेळात तो बोलतो. पण उद्या हा निघून जाऊ शकतो अशी भीती असेल, तरच त्याचं बोलणं ऐकलं जातं.

हे मामांना लावून पाहिलं. बाहेर पडायचं तर कुठे? दुसऱ्या पक्षाचं तालुक्यातलं ऑफिस तरी वेगळं आहे का? "मी सोडलं तर लोकांची कामं कोण करणार?" असं ते म्हणतात. हे खरं आहे, आणि सबबही आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. आणि आत बोलायचं तर कुणाशी? जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि प्रशासक आला. निवडणुका चार महिन्यांत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५मध्ये सांगावं लागलं. त्या सगळ्या काळात पक्षाला गटात आणि गणात माणूस उभा करायचाच नव्हता. ज्याची मतं मागायची नाहीत, त्याचं मत कोण विचारणार?

सगळ्यात जास्त मला बोचतं ते प्रतिज्ञापत्र. पक्ष फुटला तेव्हा दोन्ही बाजूंनी कार्यकर्त्यांकडून ढिगाने प्रतिज्ञापत्रं गोळा केली. मामांनी शंभराचा स्टॅम्प स्वतःच्या पैशाने घेतला आणि मूळ नेत्याच्या बाजूने लिहून दिलं. काही महिन्यांनी तालुक्याचं सगळं नेतृत्व पलीकडे गेलं, मामाही गेले आणि दुसरा शंभराचा स्टॅम्प आला. दोन्हींवर सत्यप्रतिज्ञेवर सही. मी चिडवलं तेव्हा ते हसले नाहीत. पुढे निवडणूक आयोगाने दोन्ही पक्षांच्या निकालांत वजन दिलं ते कुणाकडे आमदार-खासदार जास्त, याला. पक्षांतरबंदी कायदाही १९८५पासून आमदार-खासदारांचाच विचार करतो. कार्यकर्त्याने काय शपथ घेतली आणि काय मोडली, याने चिन्हाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते मामांचंच. ते म्हणाले, "खोटं लिहिलं याचं नाही रे. ते कुणी वाचलंच नाही, त्याचं वाईट वाटतं."

एखाद्याला वाटेल, मामांना फक्त स्वतःच्या कांद्याची पडली आहे. तसं नाही. शहरातल्या माणसाला कांदा परवडायला हवा, हे त्यांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं इतकंच, की शहरात भाव चढला की दिल्ली आठवड्यात जागी होते, इथे पडला की कुणी कूस बदलत नाही. २०२४मध्ये 'लाडकी बहीण'चे दीड हजार मामींच्या खात्यात यायला लागले. प्रचारात मामांनी ते सांगावं अशी अपेक्षा होती, आणि ते त्यांनी मनापासून सांगितलंही. घरात मात्र हिशेब मांडला: वर्षाचे अठरा हजार. भाव क्विंटलला हजाराने पडला तर शंभर क्विंटलमागे लाख गेले. मामी म्हणाल्या, "ते लाख माझ्या हातात कधी येत होते? हे येतात." मामांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. अर्थकारणावरच्या पुष्कळ लेखांपेक्षा मला हे वाक्य जड वाटतं.

८ डिसेंबर २०२३ला निर्यात पूर्णच बंद झाली. लाल कांदा तेव्हा शेतातून निघत होता. पुन्हा निरोप आला, पुन्हा पार. या वेळी मी नव्हतो, आईने फोनवर सांगितलं. मामांनी निरोप वाचून दाखवला, शब्दन् शब्द. मग मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाले, "हे पक्षाचं झालं. माझं म्हणाल तर मागच्या वेळी मी नाफेडला एक गोणी दिली नाही, आणि आत्ताचा भाव मला परवडत नाही."

एवढंच. ना राजीनामा, ना भाषण. मी आधी निराश झालो. हे काय बंड झालं? निर्यातबंदी उठायला पुढचा मे उजाडला, आणि त्यात मामांच्या वाक्याचा काही हात नव्हता. पण त्या वाक्याने निरोप आणि पत वेगळी केली. निरोप पक्षाचा होता, तो पोचवला. पत गावाची होती, ती तिथेच ठेवली. मी आमच्या क्लायंटला आजवर असं एक वाक्य लिहिलेलं नाही, आणि माझ्याकडे तर नोकरी बदलायची सोय आहे.

तालुक्याच्या पुढच्या बैठकीचं बोलावणं मामांना आलं नाही. त्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीच्या डिकीतलं पक्षाचं उपरणं काढून खुंटीला अडकवलं, त्या जागी एका म्हातारीचे निराधारचे कागद ठेवले, आणि तिला मागे बसवून तहसीलला गेले. मी विचारलं, "खुर्ची दिली का मग?"

"नाही दिली. पण काम झालं. वेळ लागला जरा."