गोणपाटाचा धोंडा

निसर्गानं जी वस्तू मुबलक आणि फुकट करून ठेवली, ती माणसानं पुन्हा कापडाची का करावी? धोंडाच घ्या. माग्दालेना अबाकानोविच (१९३०–२०१७) या पोलिश शिल्पकर्तीनं १९७८ ते १९८० या काळात गोणपाटाचे, सुती कापडाचे, दोरखंडाचे सुमारे ८०० गोळे केले. कुणी दगडासारखा, कुणी अंड्यासारखा, कुणी बटाट्यासारखा. १९८० साली ते व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात मांडले गेले.

"गोणपाटात बटाटे भरतात हे ऐकलं होतं. गोणपाटाचेच बटाटे?" आमची ही म्हणाली.

मला निराळीच शंका. कापडाचा धोंडा म्हणजे धडधडीत खोटेपणा नव्हे काय?

आमच्या दिवाणखान्यात कापडी गुलाब आहेत. पाहुण्यांना खरे वाटावेत म्हणून ही त्यांच्यावर पाणी शिंपडते. याला खोटेपणा म्हणावं. बाईंच्या धोंड्यांवर मात्र टाके उघड दिसतात. काहींच्या चिरेतून आतलं भरताड डोकावतं. तो धोंडा सांगतो, ‘मी गोणपाटच. दगडाकडे बघून असा झालो.’

म्हणजे पाप नकलेत नाही, शिवण लपवण्यात आहे. गोधडी तरी काय करते? जुन्या लुगड्यांचे थर आणि वर उघडा धावदोरा. माणूसही असाच, आजीच्या सवयी नि मास्तरांची वाक्यं एकमेकांवर शिवून झालेला. टाके दाखवायला मात्र लाजतो.

हे तत्त्व मी हिला ऐकवलेलं नाही. घरातली शांतता हेही एक नैतिक मूल्यच आहे.