कुंभारीण माशी आणि आमचे ध्यान




आम्ही दोघी जावा. स्वभाव अगदी वेगळे, पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून जुळली. कुंभारीण माशी दिसली की दोघीही पदर सावरून पळायचो. दोऱ्याएवढी कंबर, लोंबते पाय, काळे-पिवळे अंग! लहानपणी कोणीतरी "गांधीलमाशी गे, पळ!" असे ओरडले होते, तेवढ्यावर पन्नास वर्षे निघाली. डंख मात्र दोघींपैकी एकीलाही कधी बसलेला नाही, हं.

दर चवथीच्या साफसफाईत फोटोमागची, मीटरच्या पेटीवरची मातीची घरटी खरवडायची, नाहीतर काठीला रॉकेलचा बोळा लावून जाळायची. मग हात धुऊन आरतीला उभ्या! यात कधी काही खटकले नाही.

गेल्या पावसात पाच वर्षांची नात ती माशी बघून इतकी रडली की ओसरीवर यायलाच तयार होईना. तिला हे कोणी शिकवले? आम्हीच. दागिने द्यायचे तेव्हा देऊ, भीती मात्र आधीच देऊन मोकळ्या झालो होतो.

त्याच सुमारास पारायणात एकनाथी भागवताचा नववा अध्याय आला. (नाथांनी हा ग्रंथ 1573 मध्ये काशीला पूर्ण केला.) अवधूताच्या चोवीस गुरूंत शेवटची हीच! प्रवचनात आपण 'कीटक-भृंगी' ऐकतो ना, त्यातली भृंगी. तिने भिंतीत कोंडलेली अळी भीतीने तिचेच ध्यान करते आणि तिच्यासारखी होते. प्रेमाने, द्वेषाने किंवा भयाने, मन जिथे जडते तेच रूप घेते.

घरातला कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काकी, अळीची माशी होत नाही. माशी डंख मारून तिला लुळी करते, तिथेच अंडे घालते. पिल्लू अळी खाऊन वाढते. काही जाती अळीऐवजी कोळी आणतात." जरा वादच झाला. आम्हाला वाटते, दृष्टान्त मनाचा आहे, किड्याचा नाही. पण मुलाचेही खरेच. आम्ही पळालो नसतो तर आम्हालाही ते दिसले असते.

जपाला बसलो तरी कान भुणभुणीकडे असायचा. मग इतकी वर्षे ध्यान कोणाचे केले? आणि झालो कोण? न डसणारीला जाळणाऱ्या. डंख तिच्यापेक्षा आमच्याकडेच जास्त होता.

मग नातीला मांडीवर घेऊन ओसरीवर बसलो. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, लपवणार काय! माशी विहिरीजवळच्या चिखलाची गोळी तोंडात धरून यायची आणि लिंपताना गुणगुणायची. ही एकटी राहते, त्यामुळे गांधीलमाश्यांसारखी हिची फौज अंगावर येत नाही. हातात दाबली तरच डसेल. स्वतः पिते फुलांतला रस. घरट्याचे तोंड बंद केले की निघून जाते, पिल्लांचे तोंडही बघत नाही. हे ऐकून धाकटीचे डोळे पाणावले. तिसऱ्या दिवशी नात फेऱ्या मोजू लागली. थोरलीची मान मात्र माशी डोक्यावरून गेली की अजून खाली जातेच.

यंदा चवथीला दत्ताच्या फोटोमागचे घरटे तसेच ठेवले आहे. भोके पडून पिल्ले उडाली की मग झाडू. नात रोज स्टुलावर चढून बघते.