शस्त्राचा गुण

अमेरिकेतील बंदुकांच्या दुकानात पहिल्यांदाच पिस्तूल घेण्यास येणारा मनुष्य बहुधा दोन गोष्टी विचारतो : परवडेल असे कोणते, आणि ऐन वेळी दगा देणार नाही असे कोणते. शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप घेतानाही हेच प्रश्न विचारले जातात. ते विचारणाऱ्याला शहाणाच म्हणावे लागेल, कारण पैसा त्याचा आहे आणि जीवही त्याचाच आहे. परंतु दुसऱ्या प्रश्नातील विश्वासार्हतेची कल्पना मुळात यंत्रासाठी घडलेली नव्हे. विश्वासू मित्र, विश्वासू नोकर, विश्वासार्ह साक्षीदार अशा माणसांच्या व्यवहारातून ती यंत्राकडे उसनी गेली. विश्वासू नोकर मालकाच्या एखाद्या आज्ञेला नकार देऊ शकतो, आणि तसा नकार त्याच्या विश्वासूपणात बसतो. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र एकदाही नकार न देणे एवढाच त्या शब्दाचा अर्थ उरतो.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात या प्रश्नाला उपयोगी पडणारी दोन उदाहरणे आली आहेत. त्यांतील एक द्राक्षवेल छाटण्याच्या कोयत्याचे. प्रत्येक वस्तूला तिचे असे एक कार्य असते, आणि ते कार्य उत्तम रीतीने पार पाडणे हा तिचा गुण, असे तेथे सॉक्रेटिस मांडतो. वेल दुसऱ्या एखाद्या सुरीनेही छाटता येईल. पण त्यासाठीच घडवलेल्या कोयत्याइतकी ती चांगली छाटली जाणार नाही. या विचाराने पाहिले तर चांगले पिस्तूल म्हणजे चांगले झाडले जाणारे पिस्तूल, आणि वादाला येथे जागा उरत नाही. दुसरे उदाहरण याच भागात, किंबहुना त्याच्याही आधी, येऊन गेलेले असते. त्याकडे पुढे वळावे लागेल.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात हा गुण साधणे सोपे नाही. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण त्याच स्फोटाच्या जोराने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या रेट्याने पुढे येताना मुठीतील मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत बसवतो. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडणाऱ्या या साखळीतील कोणतीही कडी अडली, तर हातात उरतो तो केवळ धातूचा तुकडा. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने बनवलेल्या पिस्तुलातून १९११ साली सैन्याच्या चाचणीत ६००० गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते एकदाही अडले नाही. त्या चाचणीची आठवण शस्त्रांच्या जाणकारांत आजही आदराने काढली जाते. तो आदर समजण्यासारखा आहे. उत्तम कारागिरीपुढे मान तुकवताना ती कशासाठी आहे हे माणूस क्षणभर विसरतो.

कायदेसुद्धा विसरतात की काय, असे कधी कधी वाटावे. कॅलिफोर्नियाने १९९९ साली ‘असुरक्षित’ पिस्तुलांना बंदी करणारा कायदा केला. २००१ पासून तो अमलात आला. त्यातील एक कसोटी अशी, की पिस्तुलाने पहिल्या २० गोळ्या न अडखळता झाडल्या पाहिजेत, आणि एकूण ६०० गोळ्यांत सहापेक्षा अधिक वेळा अडता कामा नये. खाली पडले असता ते आपोआप उडू नये, अशीही वेगळी कसोटी आहे. तिचे प्रयोजन उघड आहे. पहिल्या कसोटीचे प्रयोजन मात्र थांबून पाहण्याजोगे आहे. स्वस्त पिस्तुलांमुळे माणसे मरतात या तक्रारीतून निघालेला कायदा असे सांगतो, की पिस्तूल असे असावे जे हटकून उडेल. घेणाऱ्याच्या बाजूने पाहता यात विसंगती नाही. समोर उभ्या असलेल्याच्या बाजूने पाहता ती आहे; आणि ग्राहकहिताच्या भाषेत समोरच्या माणसाला कोणतेच पद नसते.

स्वस्ताईचा वाद तर त्याहून जुना आणि अधिक अवघड आहे. टेनेसी राज्याने १८७९ साली सैन्यात आणि आरमारात वापरली जाणारी पिस्तुले वगळून इतर सर्व पिस्तुलांची विक्री बंद केली. वगळलेली शस्त्रे महाग होती. बंद झालेली गरिबाच्या आटोक्यातली. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांवर या कायद्याचा रोख किती होता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु शस्त्र कोणी बाळगावे हे किमतीच्या आडून ठरवता येते, एवढे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९६८ च्या केंद्रीय कायद्याने परदेशातून येणाऱ्या लहान, स्वस्त पिस्तुलांना अटकाव केला. देशात ती बनवण्यावर मात्र बंधन घातले नाही. साहजिकच लॉस एंजेलिसच्या आसपास जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव, शंभर डॉलरांच्या आत मिळणारी पिस्तुले बनवणारे कारखाने निघाले. त्यांच्या मालाविरुद्ध दोन आक्षेप एकाच दमात घेतले जात : ती धड चालत नाहीत, आणि ती गुन्हेगारांच्या हाती पडतात. या दोन आक्षेपांचे एकमेकांशी पटत नाही. खरोखरच धड न चालणारे पिस्तूल गुन्हेगाराच्या हाती पडलेले काय वाईट?

तरीही स्वस्त पिस्तूल शोधणाऱ्याला हसण्याचा अधिकार सुरक्षित वस्तीत राहणाऱ्याला नाही. रात्रपाळी संपवून दिवे नसलेल्या रस्त्याने घरी परतणारी स्त्री, किंवा मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून वेगळी झालेली पत्नी, हा प्रश्न हौसेने विचारत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कॅसल रॉक खटल्यात असा निर्णय दिला, की न्यायालयाने दिलेल्या संरक्षक आदेशाची अंमलबजावणी पोलिसांनी केलीच पाहिजे असा संविधानिक हक्क नागरिकाला सांगता येत नाही. त्या प्रकरणात तीन लहान मुली बापाच्या हातून मारल्या गेल्या होत्या. राज्यसंस्था आपले कर्तव्य इतक्या कोरडेपणाने हद्दीत बांधून घेत असेल, तर ज्याला महाग पिस्तूल परवडत नाही त्याने स्वस्त का घेऊ नये, याला नीतीच्या भाषेत सरळ उत्तर नाही. प्रतिष्ठितांचे ‘हिंसेने हिंसा वाढते’ हे उत्तर खरे असेलही. पण ज्याच्या दारावर लाथा बसत आहेत त्याला ते ऐकवणे हा उद्धटपणा आहे.

मात्र स्वस्ताईची किंमत कोण देते, हे पाहिले पाहिजे. त्याच कॅलिफोर्नियातील एका कारखान्याच्या पिस्तुलातून १९९४ साली एका सात वर्षांच्या मुलाला गोळी लागली आणि तो मानेखाली कायमचा पंगू झाला. शस्त्र रिकामे करू पाहणाऱ्या परिचिताच्या हातून ती सुटली होती. त्या पिस्तुलाची रचना अशी होती, की गोळ्या काढण्यासाठी आधी सुरक्षेची कळ उघडावी लागे. मूळ रचनेत कळ लावलेली असताना पिस्तूल अडकत असे आणि तो दोष झाकण्यासाठी ही तजवीज केली गेली, असे फिर्यादीचे म्हणणे होते. २००३ साली ज्यूरीने कारखान्यावरही जबाबदारी टाकली आणि कारखाना दिवाळखोरीत गेला. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेत १९७२ साली स्थापन झालेल्या आयोगाच्या अधिकारातून बंदुका वगळलेल्या आहेत. मुलाच्या हातातील खेळण्यातली बंदूक बाजारातून मागे घ्यायला तो लावू शकतो, खरी नाही.

विश्वासार्ह पिस्तुलाचा शोध ही केवळ परदेशातील गोष्ट आहे, असे मानून मराठी वाचकाला निश्चिंत राहता येणार नाही. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या हत्येचा पहिला प्रयत्न फसला. कटातील माणसांपाशी जी रिव्हॉल्व्हरे होती ती त्या दिवशी रानात झाडून पाहिली असता नीट चालेनात, असे लाल किल्ल्यातील खटल्याच्या साक्षीतून पुढे आले. त्यानंतरच्या दिवसांत नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ज्या खटपटीत होते, तिचा मोठा भाग चांगले शस्त्र मिळवण्याचा होता. ते ग्वाल्हेरला मिळाले : इटलीत बनलेले, ‘बेरेटा’ जातीचे अर्धस्वयंचलित पिस्तूल. ३० जानेवारीच्या संध्याकाळी त्याने तीन गोळ्या झाडल्या. ते अडले नाही. हत्येमागच्या विचारसरणीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते आवश्यकही होते. परंतु त्या दहा दिवसांतील एक गोष्ट विचारसरणीच्या चर्चेत हरवून जाते. मनाचा निर्णय २० तारखेलाही झालेलाच होता, तरी एक वृद्ध माणूस आणखी दहा दिवस जगला. आणि त्या वाढलेल्या आयुष्याला हातातील हत्यारांचा नादुरुस्तपणाही काही अंशी कारण होता. कोयत्याच्या न्यायाने ती रिव्हॉल्व्हरे वाईट आणि बेरेटा चांगले, असे म्हणणे भाग पडते. येथे तो न्याय उच्चारतानाच जीभ अडखळते.

प्लेटोचे दुसरे उदाहरण येथे आठवते. शुद्धीवर असताना मित्राने आपली शस्त्रे ठेवायला दिली. पुढे वेडाच्या भरात तो ती मागू लागला. तर ती परत करावीत काय? करू नयेत, याविषयी तेथे कोणाचाही मतभेद नाही. परंतु हे उत्तर दोन माणसे गृहीत धरते : एक मागणारा, दुसरा सांभाळणारा. घरात पिस्तूल ठेवणाऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही माणसे एकाच देहात राहतात. शांत दुपारी दुकानात किमतींची तुलना करणारा मनुष्य ते शस्त्र ज्याच्या स्वाधीन करतो, तो कुठल्या तरी पुढच्या रात्रीचा भ्यालेला, संतापलेला किंवा जगण्याला विटलेला मनुष्य असतो, आणि त्याची ६०० गोळ्यांची चाचणी कोणीही घेतलेली नसते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१ साली सुमारे ४८,८०० मृत्यूंत त्या सुमारे २६,३०० होत्या. आत्महत्येच्या प्रयत्नातून जे वाचतात, त्यांतील बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असे अभ्यास सांगतात. म्हणजे तो क्षण टळला तर माणूस पुष्कळदा टळतो. शस्त्राची विश्वासार्हता नेमकी तो टळण्याची फट बुजवते.

महाभारतातील कर्णपर्वात हा क्षण आला आहे. ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असे जो म्हणेल त्याला मारीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. रणातून जखमी होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर वैतागाने नेमके तेच बोलतो, आणि अर्जुन वडील भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला विचारतो, की येथे लढण्याजोगा शत्रू कोणी दिसत नाही, मग तलवार कशासाठी? पुढे प्रतिज्ञा, सत्य आणि अहिंसा यांची दीर्घ चर्चा होते, कौशिक आणि बलाक यांच्या कथा सांगितल्या जातात, आणि तेवढ्यात दोन्ही भाऊ सावरतात. ही चर्चा शक्य झाली याचे श्रेय कृष्णाच्या बुद्धीला देणे योग्यच. पण थोडे श्रेय तलवारीलाही आहे, कारण ती म्यानातून निघाल्यावरही मानेपर्यंत पोचण्यास काही पावलांचा अवकाश होता.

इस्रायलच्या सैन्याने २००६ साली असा अवकाश नियमाने निर्माण केला. सैनिकांतील आत्महत्यांपैकी बऱ्याचशा आठवड्याच्या सुट्टीत, घरी नेलेल्या बंदुकीने होत असल्याचे दिसून आल्यावर, सुट्टीला जाताना शस्त्र तळावर ठेवून जाण्याची पद्धत घालण्यात आली. पुढील काळात आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, आणि ती घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवशी त्यात लक्षणीय फरक पडला नाही. सुट्टी संपल्यावर सैनिक तळावर परत येत आणि आपापली बंदूक पुन्हा ताब्यात घेत. ती पूर्वीइतकीच चांगली चालत असे.