दोन सैनिक आणि सहावी आज्ञा

हॉवर्ड हॉक्सच्या ‘सार्जंट यॉर्क’ (१९४१) या चित्रपटात टेनेसीचा शेतकरी आल्विन यॉर्क डोंगरावर एकटाच बसला आहे. वाऱ्याने बायबलची पानं उलटतात, नेमकं वचन समोर येतं आणि ‘हत्या करू नको’ या बायबलमधल्या सहाव्या आज्ञेपायी युद्धाला नकार देणारा हा माणूस बंदूक धरायला तयार होतो.

प्रत्यक्षात हा निर्णय इतका झटपट झाला नाही. यॉर्कने १९१७ मध्ये भरतीतून सूट मागितली होती, ती नाकारली गेली. जॉर्जियातल्या छावणीत कॅप्टन डॅनफर्थ आणि मेजर बक्स्टन यांनी त्याला दरडावलं नाही. बायबल उघडून ते त्याच्याशी वाद घालत बसले. शिष्यांना अंगरखा विकून तलवार घ्यायला सांगणारा येशू बक्स्टनने दाखवला. संकट दिसूनही इशारा न देणाऱ्या पहारेकऱ्याच्या माथी रक्ताचा दोष येतो, हा यहेज्केलचा दाखलाही पुढे केला. यॉर्क रजा घेऊन घरी गेला, डोंगरावर प्रार्थना केली आणि मन घट्ट करून परतला. सैन्याने एका साध्या शिपायाच्या विवेकाला इतका वेळ द्यावा, ही या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात त्याने वीसहून अधिक जर्मन मारले आणि उरलेल्या सोबत्यांसह १३२ कैदी आणले. मशीनगन थांबवल्या त्या जीव वाचवण्यासाठी, असं तो सांगत असे.

व्हर्जिनियाचा डेस्मंड डॉस त्याच हत्याबंदीच्या आज्ञेवर वाढला. २०१६ च्या ‘हॅकसॉ रिज’ या चित्रपटामुळे तो नव्या पिढीला माहीत झाला. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचा हा तरुण १९४२ मध्ये सैन्यात गेला तो शुश्रूषक म्हणून. शस्त्राला हात लावायचा नाही, या अटीवर. शनिवारी सरावाला नकार देणारा डॉस जखमींची सेवा मात्र शनिवारीही करी, कारण येशूनेही शब्बाथाच्या दिवशी रोग्यांना बरं केलं होतं. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने दोरानं जखमी खाली उतरवले. त्याच्या मते ते पन्नासेक होते, वरिष्ठांच्या मते शंभर. अखेर पंचाहत्तर हा आकडा ठरला.

दोघांनाही ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. मग आज्ञा पाळली कोणी?

डॉसवर एक आक्षेप रास्त आहे. बरा झालेला सैनिक पुन्हा लढायला जाऊ शकतो. मग शुश्रूषा करणाऱ्याचा त्या हत्येत वाटा नाही का? डॉसने हा प्रश्न टाळला नाही. युद्ध न्याय्य आहे, असंच तो मानत होता आणि स्वतःला युद्धविरोधक म्हणवून घेत नव्हता. म्हणजे युद्धाला दोघांचीही संमती होती. यॉर्कने परिणाम तोलला, डॉसने स्वतःच्या हातून होणारी कृती.

तरीही डॉसचीच भूमिका अधिक भक्कम वाटते. आपल्या माणसांना वाचवण्यासाठी समोरच्याला मारलं, हा युक्तिवाद आर्गोनमधला जर्मन मशीनगनवालाही तितक्याच प्रामाणिकपणे करू शकला असता. पहिल्या महायुद्धात प्रशियन सैनिकांच्या कमरपट्ट्याच्या बकलवर ‘देव आमच्यासोबत’ अशाच अर्थाची अक्षरं कोरलेली होती.